मोसंबीच्या मुलखात मुलाखत

जालन्याला जातो आहे असे सांगितले, की आमच्या दादरच्या इमारतीतली चार माणसे हमखास विचारतात, "म्हणजे जळगावजवळच ना?" जालना जळगावजवळ नाही. मनमाडला मुख्य मार्ग सोडून गाडी मराठवाड्याच्या वाटेला लागली, की आधी अनकाई-टनकाईची जोडगोळी दिसते, मग पुष्कळ वेळ काळी रानेच राने, मग खिडकीतून मान तिरपी करून पाहावा असा देवगिरीचा किल्ला, मग छत्रपती संभाजीनगर, आणि त्यानंतर तासाभराने जालना. मी गेलो तो २०२४ च्या भाद्रपदात. मुंबईहून निघणारी वंदे भारत गाडी त्या वेळी जालन्यालाच मुक्काम करी. २०२५ पासून ती पुढे नांदेडपर्यंत जाते.

जालन्याविषयी एक जुनी म्हण आहे, 'जालना, सोने का पालना'. निजामाच्या राज्यातले हे व्यापारी गाव. कापूस, सरकी, धान्य यांची उलाढाल इथे पिढ्यानुपिढ्या चालत आली. सोन्याचे दिवस गेले असे गावातले वृद्ध म्हणतात, पण वृद्धांनी तसे म्हणायचेच असते. आज जालन्यात लोखंडाचे दिवस आहेत. भंगार वितळवून सळया ओढणारे कारखाने औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस धडधडत असतात. वाचकहो, आपल्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असण्याचा संभव बराच आहे. दुसरा धंदा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिसरी गोष्ट मोसंबीची. तिच्याकडे पुढे येणारच आहे, कारण मी उतरलो होतो ते घर मोसंबीवर उभे राहिलेले होते.

ते घर माझ्या धाकट्या बहिणीचे. तिचा फोन आला नसता तर मी या दिवसांत घर सोडले नसते. ती म्हणाली, "दादा, पोरगी रोज संध्याकाळी गच्चीवर जाते अन्‌ एकटीच बोलत बसते. इंग्रजीत बोलते, मराठीत बोलते, हातवारे करते. शेजारीण विचारायली, फोनवर भांडण चाललंय का म्हणून. पण हातात फोन नसतो! एकदा येऊन बघ की."

माझी भाची संगणक शाखेची पदवीधर. २०२३ च्या जूनमध्ये परीक्षा सुटली आणि त्याच सुमारास सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी नव्या मुलांची भरती आखडती घेतली. कोणाला नेमणुकीचे पत्र मिळाले पण रुजू होण्याची तारीख वर्षभर येईना, कोणाच्या कॉलेजात कंपन्या फिरकल्याच नाहीत. भाचीच्या कॉलेजात तीन आल्या. त्यातल्या दोन नोकऱ्या संगणकाच्या नसून फोनवरून माल विकण्याच्या निघाल्या.

आमच्या वेळी हे सारे फार सोपे होते. मला १९८५ साली नोकरी लागली ती टंकलेखनाच्या जोरावर. इंग्रजी ४०, मराठी ३०, एवढी गती आणि वर एक तोंडी प्रश्न. साहेबाने विचारले, "वडील काय करतात?" मी सांगितले. झाली मुलाखत. आता मुलाखतीची एक मोठी चाळणीच असते. पहिल्यांदा गणित, इंग्रजी आणि तर्कबुद्धी यांची परीक्षा. टीसीएससारख्या मोठ्या कंपन्या तर देशभर एकच पात्रता परीक्षा घेतात. त्यातून उतरले तर घड्याळ लावून संगणकावर दोन-तीन कोडी सोडवायची. त्यानंतर मुलाखत घेणारा समोर किंवा पडद्यावर बसतो, एक कोडे घालतो आणि तुम्ही ते कसे सोडवता ते पाहत राहतो. या कोड्यांवर पुस्तके आहेत. त्यांतले गेल मॅक्‌डॉवेल या अमेरिकन बाईंचे पुस्तक जगभर चालते. त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. लीटकोडसारख्या ठिकाणी तर कोड्यांची मोजदाद हजारांत आहे. आणि एवढे करून मोठ्या कंपन्यांत नव्या मुलाला मिळतात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. हा आकडा गेल्या दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. पुण्यातली खोलीभाडी मात्र या काळात हलली आहेत.

मी पोचलो त्या दिवशी मेहुणे अंगणात ओल्या गोणपाटाची गुंडाळी सोडवून बसले होते. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची ही उगवण चाचणी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवड्याने उलगडून किती अंकुरले ते मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरायला हरकत नाही. पेरणी होऊन तीन महिने झाले होते. पण दाणे का कमी उगवले होते यावर त्यांचा शेजाऱ्याशी वाद चालू होता आणि तो मिटवायला ही फेरतपासणी होती. मोजता मोजता मला म्हणाले, "हे बघा, कंपन्यांचंही असंच. शंभर पोरं गोणपाटात गुंडाळतात. फरक एवढाच, की आम्ही सत्तर ठेवतो, ते दोन ठेवतात."

मेहुण्यांची अंबडकडे आठ एकर जमीन. त्यातल्या तीन एकरांत मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या असंख्य बागा वाळल्या, त्यात हीही गेली. विकतचे टँकर आणून झाडे जगवण्याची त्यांनी तीन महिने शर्थ केली आणि नंतर कुऱ्हाड लावली. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, पण यांच्या रानात तोपर्यंत कपाशी आली होती. बाग असती तर मुलीच्या नोकरीची एवढी घाई नसती, हे घरात कोणी बोलून दाखवीत नाही. शिक्षणाचे कर्ज होते. त्याचे हप्ते त्या दिवाळीनंतर सुरू होणार होते.

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीसमोर भाची उभी होती आणि टाकीला काही समजावून सांगत होती. मला पाहून थबकली.

"मामा, तुम्ही खाली बसा ना. मला लाज वाटते."

"टाकीची वाटत नाही ती?"

"टाकी प्रश्न विचारत नाही."

मग हळूहळू सारे बाहेर आले. चार मुलाखती झाल्या होत्या आणि चारही गेल्या होत्या. पहिल्या तिघांनी कारण सांगितले नाही. चौथ्या ठिकाणच्या बाई भल्या होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलं तुझं. पण पंचवीस मिनिटं तू गप्प होतीस. तुझ्या मनात काय चाललं होतं ते मला कळलंच नाही. सोबत काम करायचं म्हणजे तेच कळायला लागतं."

जालन्यात कोणालाही विचारा, आपली मुले मागे पडतात ती इंग्रजीमुळे, असेच तो सांगेल. बसस्थानकापासून गांधी चमनपर्यंत इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्या लागलेल्या आहेत. मला हे निदान अर्धवट वाटते. भाचीचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले आहे. तिला जे येत नव्हते ते मराठीतही येत नव्हते. विचार चालू असताना बोलणे, अर्धवट, चुकीचे, मध्येच मागे फिरणारे बोलणे, हे आपल्या घरांत आणि शाळांत कोणी शिकवले आहे काय? उत्तर पक्के येत असेल तरच हात वर कर, मोठ्यांसमोर मध्ये बोलू नकोस, नीट ठरवून मग तोंड उघड, या शिस्तीत आपण मुले वाढवली. मुली तर अधिकच. आणि आता साहेब सांगतो, कच्चे बोल, मोठ्याने बोल, माझ्यासमोर चूक. बावीस वर्षांचे वळण पंचवीस मिनिटांत कसे सुटावे?

त्या रात्रीपासून मी टाकीची जागा घेतली. मला संगणकातले काही कळत नाही, हीच माझी लायकी ठरली. अट एकच, मी थांबवीन तिथे तिने थांबायचे आणि मला कळेपर्यंत पुढे जायचे नाही. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत.

पहिल्या दिवशी तिने 'स्टॅक' सांगितला. दोन वाक्यांत माझी मान हलेनाशी झाली. बहीण खाली भाकरी थापत होती. भाचीने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेले. "ही दुरडी. आईने शेवटी टाकलेली भाकरी वर आहे, म्हणून तीच आधी ताटात येणार. पहिली भाकरी तळाशी, ती सगळ्यात शेवटी. संपला स्टॅक." कंस जुळवण्याचे कोडे याच दुरडीवर सुटते, हे तिने मग दाखवले. उघडणारा कंस आला की दुरडीत टाकायचा, मिटणारा आला की सगळ्यात वरचा काढून जोडी जमते का पाहायची. शेवटी दुरडी रिकामी झाली आणि मध्ये कुठे जोडी चुकली नाही, तर सारे कंस बरोबर.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. पहिल्या पानापासून शोधत बसलात तर आयुष्य जाईल. मधोमध उघडा, हवा तो शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहा, उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडा. किती वेळा उघडावा लागेल? जास्तीत जास्त सोळा वेळा! मला हे खरे वाटेना म्हणून मी कागदावर साठ हजारांचे अर्धे, त्याचे अर्धे करीत गेलो. सोळाच. माणसाला इतकी साधी वाटणारी ही युक्ती यंत्राला सांगताना भलेभले घसरतात. जावा नावाच्या प्रसिद्ध संगणकभाषेच्या भांडारात या युक्तीत एक चूक होती. आकडे फार मोठे झाले की 'मधोमध' काढतानाच बेरीज हाताबाहेर जाई. २००६ साली ती जाहीर झाली, तोवर नऊ वर्षे ती कोणाला दिसली नव्हती. हे ऐकून भाचीपेक्षा मलाच धीर आला.

सगळ्यात रंगले ते ससा-कासवाचे कोडे. एका घरी चिठ्ठी आहे, तीत पुढच्या घराचा पत्ता. तिथे पुन्हा चिठ्ठी. ही वाट कुठे संपते, की फिरून त्याच घरांवर येते, हे काहीही लिहून न ठेवता कसे ओळखावे? युक्ती अशी, की दोन माणसे सोडायची. एक एकेक घर चालतो, दुसरा दोन-दोन. वाट संपणारी असेल तर दुसरा शेवटाला पोचतो. गोल असेल तर तो मागून येऊन पहिल्याला गाठतो. बहीण शेंगा निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, "याला दोन माणसं कशाला? सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला मी एकटीच एका कचेरीत टेबलामागून टेबल फिरले. चौथ्यांदा त्याच कारकुनाचं तोंड दिसलं, तेव्हा कळलं की वाट गोल आहे." भाची हसता हसता म्हणाली, "आई, तुला तो कारकून लक्षात राहिला. यंत्राला लक्षात ठेवायला जागा द्यावी लागते."

मध्ये एक दिवस आम्ही असईला गेलो. वाटेत राजूरच्या गणपतीचे दर्शन बहिणीच्या आग्रहाने झाले. असई हे केवढेसे गाव. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा इंग्रजांकडून हरल्या, आणि जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला पुरून उरला. आपल्या पराभवाची जागा पाहायला कोणी सहलीने येत नाही. आम्ही गेलो तेव्हा तिथे बकऱ्या चारणारा एक मुलगा होता, बस्स. केळना नदीच्या काठी मी भाचीला ती गोष्ट सांगितली. मराठ्यांची फौज पलीकडे, तोफा तयार. नदीला इथे उतार नाही असे वाटाडे छातीठोकपणे सांगत होते. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, दोन गावे अशी समोरासमोर वसतात, तेव्हा त्यांचे एकमेकांकडे येणे-जाणे असणारच. म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे. उतार होता. त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. तरीही, हातून झालेली सर्वोत्तम लढाई कोणती, या प्रश्नाला त्याने उतारवयात असईचेच नाव घेतले.

भाची बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्यानं उतार पाहिला नव्हता ना, मामा? नुसतं 'असं असेल तर तसं असायला पाहिजे' म्हणाला."

"हो."

"आणि ते बरोबरच्या लोकांना बोलून दाखवलं."

परतीच्या वाटेवर ती जी बोलू लागली, ती भोकरदनपासून जालन्यापर्यंत थांबली नाही. दिसेल त्या गोष्टीवर तर्क चालला होता. ही विहीर रस्त्याच्या या बाजूला का, ती ट्रक रिकामी का परतते आहे. निम्मे तर्क चुकीचे होते. गाडी चालवणारा शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, ट्रक रिकामी नाही, सळई आहे तिच्यात. ताडपत्रीखाली दिसत नाही."

पुण्याच्या एका लहानशा कंपनीची पडद्यावरची फेरी माझ्या मुक्कामातच झाली. घरात पहाटेपासून सोहळा. मेहुण्यांनी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला अकरा ते बारा गिरणी बंद ठेवायला सांगितले. इन्व्हर्टर शेजाऱ्यांचा, इंटरनेटला दोन फोन, आणि भिंतीवरचा देवांचा फोटो झाकावा की नाही यावर बराच खल होऊन तो तसाच राहिला. अकरा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. आत पंखा थांबला, आवाज मात्र थांबला नाही. दाराबाहेर आम्ही तिघे श्वास रोखून उभे. बहिणीला इंग्रजी कळत नाही, पण ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बोलतेय रे!"

शेवटची फेरी त्यांनी पुण्यात समोरासमोर ठेवली. यंत्रेच आता प्रश्नांची उत्तरे लिहून देऊ लागल्यामुळे काही कंपन्या उमेदवाराला पुन्हा प्रत्यक्ष बोलावू लागल्या आहेत. रात्रीच्या बसने मी तिच्याबरोबर गेलो. पुण्याची वाट मराठवाड्यातल्या मुलांना नवी नाही. जालना जिल्हा १९८१ च्या मे महिन्यात वेगळा झाला आणि त्याच वर्षी जुलैत पुण्यात इन्फोसिस नोंदली गेली, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. दोघे एका वयाचे. एक दोन वर्षांत बंगळूरला गेला, दुसऱ्याची मुले अजून बस पकडून पुण्याला जातात. पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघाली, १९९१ साली तिथे परम संगणक तयार झाला, मग हिंजवडी फुलली. खुद्द परमवाले विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरांब्याचे. घर सोडण्याचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्याची परंपरा त्याहून जुनी. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण 'सावधान' ऐकताच लग्नमंडपातून निघाला आणि पंचवटीला पोचला, असे सांगतात. समर्थांना निदान तीन फेऱ्या द्याव्या लागल्या नाहीत.

मी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात तीन चहा पिऊन बसलो. दोन तासांनी ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"पहिला प्रश्न कंसांचा होता," ती म्हणाली. "मी बोलता बोलता भाकरीची दुरडी म्हणून गेले. तोंडातून निघूनच गेलं! समोरचे सर लातूरकडचे निघाले. म्हणाले, भाकरी ज्वारीची की बाजरीची?"

"मग?"

"मी म्हटलं, दगडी ज्वारीची. दुसरा प्रश्न मला आला नाही, मामा. पण कुठं अडले ते मी सांगत राहिले. इथपर्यंत येतं, इथून पुढं दोन वाटा दिसतात, पहिली वाट मोठ्या आकड्यांना पुरणार नाही. तेव्हा त्यांनी एक खूण दिली. मग निम्मं सुटलं."

निम्म्यावर नोकरी मिळते काय, हा प्रश्न आम्ही दोघांनीही परतीच्या बसमध्ये तोंडातून काढला नाही. मी मुंबईला परतलो. अकराव्या दिवशी फोन आला. वर्षाला चार लाख, पहिले सहा महिने उमेदवारी.

दिवाळी झाल्यावर ती रुजू झाली. मेहुणे पोचवायला गेले तेव्हा सामानात ज्वारीच्या पिठाचा डबा आणि बाजारातून विकत घेतलेली मोसंबी होती. विकत घेताना त्यांना काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही. भाव मात्र सांगितला. बाग पुन्हा लावायची का, यावर घरात आता बोलणे होते. मोसंबीच्या झाडाला बहार धरण्याआधी काही दिवस पाणी तोडावे लागते, त्याला ताण देणे म्हणतात, आणि ताण किती द्यावा हे जाणण्यातच सारी बागायती आहे. ताण लांबला तर झाड जाते. तेव्हा शेततळ्याला अस्तर आधी, कलमे मग, असे मेहुण्यांचे म्हणणे. भाचीने पहिल्या पगारातून अस्तराला पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. पहिला पगार कर्जाच्या हप्त्याला, नारळ राजूरला, असे ठरले. दुसऱ्या पगाराचे अजून ठरायचे होते.

परवा बहिणीचा फोन आला. शेजारणीचा मुलगा यंदा पदवीधर झाला आहे. तो रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर येतो आणि टाकीशी बोलतो. भाची पुण्याहून रविवारी तासभर त्याला ऐकते, पण बाकीचे सहा दिवस अडचण आहे.

"दादा, टाकी प्रश्न विचारत नाही म्हणतो तो. संगणकातलं काहीच न कळणारा माणूस पाहिजे आहे. तू कधी येतोस?"